एकच लेन्स, हलकी आणि सगळीकडे चालेल अशी: ए६४०० साठी कुठली घ्यावी?

खांडेपार (धागाकर्ता)
बॉडी सोनी ए६४००, तिच्याबरोबर आलेली १६-५० पॉवर झूम. ती काढून एकच लेन्स घ्यायची आहे, दिवसभर गळ्यात राहिली तरी मान अवघडू नये अशी. बॉडीसकट वजन एक किलोच्या आत. वापर: जुनं गोवं, पणजीतल्या फोंताइन्हासच्या गल्ल्या, फोंडा महालातली देवळं, शिगमो (होळीच्या सुमाराचा गोव्यातला उत्सव), तांबडी सुर्ला-दूधसागर, आणि वर्षातून एकदा कोकण रेल्वेनं बाहेरगाव. पक्षी नकोत. व्हिडिओ क्वचित.
यादीत चार आहेत: सोनी १८-१३५, टॅमरॉन १७-७० एफ/२.८, सिग्मा १८-५० एफ/२.८, टॅमरॉन १८-३००. (आकडे मिमीतल्या फोकल लेन्थचे: लहान आकड्याला रुंद दृश्य, मोठ्याला लांबचं. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.) कुठली आणि का? 'तुमच्या गरजेवर अवलंबून आहे' एवढं उत्तर सोडून काहीही चालेल.

चिरेबंदी
आधी तराजू. ए६४०० बॅटरी-कार्डासह ४०३ ग्रॅम. तिच्यावर सिग्मा (२९०) चढवली की ६९३, सोनी १८-१३५ (३२५) ची ७२८, टॅमरॉन १७-७० (५२५) ची ९२८ आणि १८-३०० (६२०) ची १०२३. चौथी तुमच्याच अटीनं गेली, तीसुद्धा फिल्टर, हूड, पट्टा न धरता. १७-७० हे सगळं लावून किलोच्या उंबऱ्यावर येते.

पण नुसते ग्रॅम मोजू नका, वजन कुठे लटकतंय ते बघा. ए६४०० ची मूठ बारीक आहे, करंगळीला खाली जागाच नाही. पुढे अर्धा किलोची लेन्स आली की कॅमेरा पट्ट्यावर नाक खाली करून लोंबतो, चालताना पोटावर आपटतो, आणि एका हातानं उचलला की मनगट भरून येतं. दुकानात गेलात तर लेन्स लावून दोन मिनिटं एका हातानं डोळ्याशी धरा. त्या दोन मिनिटांत कळतं ते स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात सापडत नाही.

माझं मत १८-१३५.

सांजवात
चिरेबंदीबाब, दिवसाउजेडी ठीक. यांच्या यादीत शिगमो आहे, आणि शिगम्याची मिरवणूक रंगते ती दिवे लागल्यावर. रोमटामेळात ढोल-ताशे घेऊन नाचणारी माणसं थिजवायची तर शटर १/२५० च्या खाली नेता येत नाही. रस्त्याच्या दिव्यांत त्या शटरला एफ/२.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० लागत असेल, तर १८-१३५ झूम करून एफ/५.६ वर गेली की तेच २५६००. ए६४०० वर ६४०० पर्यंतचा दाणा साफ करता येतो. २५६०० ला चेहऱ्यावरचा गुलाल आणि कातडी यांतला फरकच राहत नाही.

दुसरं उदाहरण साखळी गावचं. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर दिव्यांच्या नावा सोडतात. नाव हळू सरकते, म्हणून १/६० पुरतं. एफ/२.८ वर आयएसओ ३२०० धरला, तर १८-१३५ ला पन्नास-साठ मिमीवर एफ/५ मिळतं, म्हणजे १०००० च्या आसपास.

म्हणून सिग्मा १८-५०. वजन सगळ्यांत कमी, अ‍ॅपर्चर टोकापासून टोकापर्यंत तेच.

एफ_आठ
सांजवातताईंचं गणित बरोबर आहे, पण ते हलणाऱ्या माणसांचं. न हलणाऱ्या वस्तूंना गणित उलटं पडतं.

ए६४०० च्या बॉडीत स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. सिग्मातही नाही. सोनी १८-१३५ मध्ये ते आहे, नाव ओएसएस; टॅमरॉन १७-७० मध्येही, नाव व्हीसी. आता देवळाचा सभामंडप घ्या, कोरलेले खांब, कमी उजेड, १८ मिमी. सिग्मा हातात धरून एफ/२.८ ला १/३० च्या खाली भरवसा नाही, आयएसओ १६०० समजा. १८-१३५ एफ/३.५ ला दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) हरते, पण ओएसएसमुळे १/८ धरता येतो, म्हणजे दोन स्टॉप जिंकते. हिशेब ६४० वर येतो. 'मंद' लेन्सचा फोटो जास्त स्वच्छ!

तेव्हा विचार दोन प्रश्नांत करा: विषय हलतो का, आणि हात किती स्थिर. 'एफ/२.८ म्हणजे अंधाराची लेन्स' हे सरसकट वाक्य देवळात खोटं ठरतं, शिगम्यात खरं.

अवांतर: बहुतेक देवळांत गर्भगृहाचा फोटो चालत नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते. म्हणून हातात धरूनच काय निघतं तेवढं मोजायचं.

खांडेपार
दोन्ही पटलं, त्यामुळे गोंधळ वाढला. १७-७० मध्ये एफ/२.८ पण आहे, व्हीसी पण आहे, मग तीच मधली वाट नाही का?

चिरेबंदी
कागदावर तीच. काच उत्तम, ओलाव्याविरुद्ध सांधे बंद केलेले, समोरच्या काचेवर फ्लोरिन लेप. एकाच लेन्सवर सगळं भागवायचं आणि वजन चालतंय असं कोणी म्हणालं तर मी डोळे मिटून तीच सांगेन. पण तुम्ही धागा 'हलकी' या शब्दानं सुरू केलात.

एक बेरीज करून बघा. सोनी १८-१३५ ची ३२५ आणि सोनी ३५ एफ/१.८ ओएसएस ची १५४, एकूण ४७९ ग्रॅम. दोन लेन्स मिळून एकट्या १७-७० पेक्षा ४६ ग्रॅम हलक्या. साखळीच्या त्या होड्यांना एफ/१.८ वर आयएसओ १०००० च्या जागी १२५० पुरतो. शिगम्यात ३५ मिमीनं उभ्या चौकटीत नाचणारा माणूस डोक्यावरच्या तुऱ्यासकट, म्हणजे अडीच मीटर, बसवायला पावणेचार मीटर अंतर लागतं. कडेला उभं राहून तेवढं मिळतं. दिवसा १८-१३५ गळ्यात, ३५ घरी. रात्री ३५ गळ्यात, १८-१३५ घरी. कुठल्याही वेळी गळ्यात पाऊण किलोच्या वर काही नाही.

'एकच लेन्स' ही तुमची अट मोडते हे खरं. पण ती अट पिशवीची आहे की गळ्याची?

डोंगरवाट
विकत घ्यायच्या आधी तुमचे जुने फोटो मोजा. फुकटचं काम आहे. लाइटरूम असेल तर लायब्ररीच्या वरच्या पट्टीत मेटाडेटा उघडून एका स्तंभाला फोकल लेन्थ लावा, प्रत्येक आकड्यापुढे फोटोंची संख्या येते. नसेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू, स्तंभाच्या मथळ्यावर उजवं बटण, मोअर, फोकल लेन्थ, आणि त्यावर क्रम लावा.

आकडे वाचताना एक फसगत होते. १६-५० वाल्यांचे फोटो नेहमी दोन्ही टोकांना साचतात. ५० वर ढीग दिसला की 'मला लांबचं हवं' असं वाटतं. मग त्या ५० वाल्यांतले नंतर कापून वापरलेले किती ते बघा. कापलेले बरेच असतील तर लांबचं टोक खरंच कमी पडतंय. तसेच वापरले असतील तर ५० पुरत होतं, झूम नुसतं सवयीनं शेवटपर्यंत फिरवलं जात होतं.

खांडेपार
मोजले. १६ वर सगळ्यांत मोठा ढीग, त्याच्या निम्मा ५० वर, मध्ये तुरळक. ५० वाले बरेचसे कापलेले: कळस, दीपस्तंभाचे वरचे मजले, नदीपलीकडचं काहीतरी.
पण आता १६ ची काळजी लागली. सगळ्या पर्यायांत १७ किंवा १८ पासून सुरुवात आहे.

एफ_आठ
ही काळजी रास्त आहे, आणि बहुतेक लोक ती करत नाहीत. सूत्र सोपं: समोरची किती रुंदी मावते ते काढायला अंतर गुणिले २३.५ भागिले फोकल लेन्थ. २० मीटरवरून १६ मिमीत २९.४ मीटर मावतात, १८ मिमीत २६.१. मोकळ्या जागी तीन पावलं मागे गेलं की फरक मिटला. बॉम जिझस किंवा से कॅथेड्रलसमोर मागे सरकायला भरपूर जागा आहे, तिथे १८ नं काही अडत नाही. (बॉम जिझसचं तोंड पश्चिमेला, ते दुपारनंतर. से कॅथेड्रल पूर्वाभिमुख, ते सकाळी. उलट क्रमानं फिरलात तर कुठलीही लेन्स वाचवत नाही.)

अडतं ते फोंताइन्हासमध्ये. समोरच्या भिंतीला पाठ लावून घरापासून ४ मीटरवर उभे राहिलात आणि कॅमेरा उभा धरलात, तर १८ मिमीत ५.२ मीटर उंची मावते, १६ त ५.९. घर सहा मीटरचं असेल तर दोन्ही नापास. तिथे जोडफोटोच काढावा लागतो: एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फोकस कुलूपबंद, कॅमेरा आडवा धरून खालून वर तीन चौकटी, प्रत्येकीत आधीचा तिसरा हिस्सा यायलाच हवा. फिरवायचं ते लेन्सभोवती, स्वतःभोवती नव्हे. आपण कमरेत वळलो की जवळचा विजेचा खांब आणि मागची बाल्कनी एकमेकांवरून सरकतात आणि जोड फाटतो.

शिवाय १६-५० चं १६ मिमी टोक बॅरलसारखं चांगलंच फुगतं. सॉफ्टवेअर ते ताणून सरळ करतं आणि कोपरे मऊ पडतात. तुम्ही सोडताय ते १६ फारसं सोन्याचं नव्हे.

सांजवात
दीपस्तंभाचं राहिलं. मंगेशीसारखा सात मजली पांढरा दीपस्तंभ पायथ्याशी उभं राहून १८ नं वर बघत काढला की तो मागे कोसळल्यासारखा दिसतो. मग लाइटरूममध्ये सरळ करताना दोन्ही कडा कापल्या जातात आणि चौकट अरुंद होते. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जा, ३०-४० मिमी लावा. झूमचा खरा उपयोग हा: पाय जिथे नेता येतात तिथे नेऊन मग चौकट जुळवणं. भर उन्हात चुना जळतो, म्हणून झेब्रा (अति उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) १००+ वर ठेवा आणि पट्टे नाहीसे होईतो एक्स्पोजर खाली आणा.

दोन लेन्सवाल्या हिशेबाला माझी हरकत नाही. फक्त हलणाऱ्या नाचाला एलईडी रोषणाईत शटर १/२५० केलंत की काही दिव्यांखाली फोटोत काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. पट्टे दिसले की १/१०० वर या आणि नाचणाऱ्याची गिरकी जिथे क्षणभर थांबते तिथे बटण दाबा. सायलेंट शूटिंग बंदच ठेवा, इलेक्ट्रॉनिक शटरला पट्टे जास्त येतात.

माडाखाली
मध्येच घुसतो. कॅनन आर५० वाल्यांनी काय करावं? आणि खरं सांगा, एवढ्या सगळ्यापेक्षा मोबाईल काय वाईट?

चिरेबंदी
आर५० ला आरएफ-एस १८-१५० आयएस, ३१० ग्रॅम, फार विचार नको. निकॉन झेड५० ला झेड डीएक्स १८-१४०, ३१५ ग्रॅम. फुजीवाल्यांना १६-८० एफ/४ (४४० ग्रॅम, पावसाळी सांधे) किंवा नवी १६-५० एफ/२.८-४.८ (२४० ग्रॅम). ऑलिंपस-पॅनासॉनिकवाले या बाबतीत सुखी: १२-४५ एफ/४ प्रो २५४ ग्रॅमची आणि तीही पाण्याला दाद न देणारी.

मोबाईल १८ मिमीच्या कामाला दिवसा पुरतो. नाचणारा माणूस, कळसावरचं कोरीवकाम, किंवा दूधसागरचा मंद शटरचा फोटो आला की संपला.

डोंगरवाट
दूधसागर निघालाच आहे तर. धबधबा ३१० मीटर उंच. खालच्या कुंडापाशी पोचलात की १८ मिमीच लागतात, १३५ ला काम नाही. तुषार मात्र सारखे अंगावर. सोनी १८-१३५ ला रबरी सांधे नाहीत, सिग्माला फक्त माउंटपाशी आहे. या दोघींत सगळ्यांत कच्ची जागा म्हणजे झूम केल्यावर बाहेर येणारी नळी. ती लांब होताना बाहेरची दमट हवा आत ओढते आणि मागे जाताना अंगावरचं पाणी आत नेते. म्हणून नियम: ओल्या ठिकाणी एकाच फोकल लेन्थवर राहा, आणि नळी आत घालायच्या आधी तिच्याभोवती कोरडं फडकं फिरवा.

माशेलच्या चिखलकाल्यालाही (चिखलात खेळायचा उत्सव) तेच, फक्त पाण्याऐवजी चिखल. तिथे १८-१३५ चा फायदा हा की मैदानाच्या कडेला कोरड्यात उभं राहून १३५ नं काढता येतं. नळीवर शिंतोडा उडाला तर झूम फिरवू नका, चिखल वाळू द्या, ब्लोअरनं झटका, मग ओल्या फडक्यानं टिपा. ओलाच पुसलात तर बारीक रेव खाचेत जाते आणि झूम करकरायला लागतं. तो आवाज पुन्हा जात नाही.

किनाऱ्यावरून आल्यावर काच कोरडी पुसायची नाही. खाऱ्या वाऱ्याचे कण काचेवर बसलेले असतात, कोरडं फडकं त्यांना घासतं. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यानं किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर, शेवटी कोरडं. आणि वाळूवर उभं राहून लेन्स बदलायची नाही, ३५ कितीही आठवली तरी.

खांडेपार
पावसाळ्यात घरी कशी ठेवायची? बुरशीची भीती सगळ्यांत जास्त.

डोंगरवाट
बॅगेत ठेवायची नाही, हे पहिलं. फोम आणि कापड ओल धरून बसतात. झाकण घट्ट बसणारा पारदर्शक डबा घ्या, दहा लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. ५५ च्या वर चढला की जेल बदला. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास पसरून ठेवा, पुन्हा निळं होतं. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी झूमच्या खाचांत जाते. आणि दर पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढून झूम चारदा फिरवा, उजेडात तासभर ठेवा.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून घ्या आणि वीस-तीस मिनिटं उघडू नका. वाफ पिशवीवर बसू दे, काचेवर नको.

खांडेपार
ठरत आलं: १८-१३५ आधी, ३५ शिगम्याच्या आधी. १८-१३५ वापरलेली मिळतेय. तपासायची कशी?

एफ_आठ
आपल्याकडे याला चिऱ्याची कुंपणभिंत सर्वांत उत्तम. प्लास्टर नसलेली, भोकाभोकांची, सपाट, ऊन तिरकं पडलेलं.
१. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीपासून १८ मिमीला तीन मीटर, १३५ ला दहा-बारा मीटर.
२. भिंतीला समांतर आहे का ते बघायला घरातला सपाट आरसा भिंतीला टेकवून धरा. चौकटीच्या बरोबर मध्यभागी स्वतःच्याच लेन्सचं भोक दिसलं पाहिजे. हे न करता काढलेली चाचणी फुकट, कोपरा मऊ आला तर दोष लेन्सचा की तिरकस कॅमेऱ्याचा ते कळत नाही.
३. ओएसएस बंद, दोन सेकंदांचा टायमर, १८, ५० आणि १३५ ला एफ/५.६ व एफ/८.
४. चारही कोपरे १०० टक्के मोठे करून एकमेकांशी ताडा, मधल्या भागाशी नको. चारी सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा चिखल आणि बाकी तीन स्वच्छ, तर आतलं भिंग सरकलंय. परत द्या.

मग ओएसएस चालू करून १३५ ला बटण अर्धं दाबा, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र हिंदकळायचं थांबलं पाहिजे. मागून मोबाईलची बॅटरी मारून पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, म्हणजे बुरशी, दिसले तर भाव करत बसू नका. नळी पूर्ण बाहेर काढून हलवा, किंचित डुगडुग सगळ्याच झूमना असते, टकटक आवाज नको.

सांजवात
एक शेवटची बचत. १८-१३५ चा फिल्टर ५५ मिमीचा, सिग्मा १८-५० चाही ५५, म्हणजे पुढेमागे बदललीत तरी तोच चालेल. ३५ चा ४९. पोलरायझर एकच घ्या, ५५ चा, आणि ४९ वरून ५५ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी). तिच्यावर ३५ चा हूड बसत नाही एवढंच. पोलरायझर ओल्या पानांची आणि नदीची चमक काढतो, त्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो, म्हणून देवळात शिरायच्या आधी उतरवा. १८ मिमीवर आकाशाला लावू नका, आकाशाचा एकच भाग गडद निळा होतो.

चिरेबंदी
आणि रिंग पितळेची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची रिंग खाऱ्या हवेत फिल्टरला चिकटून बसते. बसलीच, तर दोन्ही बाजूंना रुंद रबर बँड गुंडाळून तळव्यांनी सपाट दाबून फिरवायची. बोटांनी चिमटीत धरलीत की ती लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते.